फडक्यातली कळलावी

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या गोदाबाई कुणाला भीत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती आणि ती बरीचशी त्यांनी स्वतःच पसरवलेली होती. नवरा मास्तर होता. दिगंबर पाळण्यात असतानाच तो गेला. त्यानंतर गोदाबाईंनी दिरांशी भांडून दोन खोल्या पदरात पाडून घेतल्या, पोराला शिकवलं, कचेरीत चिकटवलं आणि जालन्याची सून आणली. गल्लीत कुणाचं बाळंतपण अडलं की गोदाबाईंना बोलावणं जायचं. त्या आल्या की कोपऱ्यातल्या रडणाऱ्या बायका गप्प बसायच्या. अडलेली बाईसुद्धा ओरडायची थांबते, असं लोक म्हणत.

पण त्या वर्षीच्या भाद्रपदात ह्याच गोदाबाईंच्या पोटात भीतीने ठाण मांडलं होतं. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं आणि एकामागून एक संस्थानं विलीन होत होती. आता राजे विलीन झाले म्हणून दप्तरं आपोआप लागत नाहीत, त्याला कारकून लागतात; म्हणून दिगंबरची रवानगी छत्तीसगडाकडच्या कुठल्याशा संस्थानात झालेली. तिकडे निजाम मात्र विलीन व्हायला तयार नव्हता, आणि जालना पडलं निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या धाकाने तिकडची माणसं मिळेल त्या वाटेने निघून येत होती, बुऱ्हाणपूरच्या धर्मशाळांत त्यांची बिऱ्हाडं पडली होती. त्यांत सुनेचे, निर्मलेचे, आईवडील नव्हते. गोदाबाई दोनदा जाऊन पाहून आल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज खरा, पण माहेरच कुठं आहे ते कळेना, तेव्हा सून सासरीच राहिली. तिला नववा लागला होता.

निघताना दिगंबरने आईला बजावलं होतं की वेळ आली की टांगा करून सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं. सुईण नको, अंगारे नकोत आणि ते तुमचं कमरेला मूळ बांधणं तर मुळीच नको. गोदाबाईंनी मान डोलावली. मान डोलावायला काय जातं? मूळ न बांधता काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांची धाकटी जाऊ पोटातल्या पोरासकट गेली, तेव्हा मूळ आणायला गेलेला माणूस पुराने पलीकडच्या काठावर अडकला होता. आणि दिगंबरच्या वेळी त्या स्वतः अडल्या होत्या, तेव्हा सुईणीने मूळ बांधल्यावर घटकेत सुटका झाली. आता ती मुळामुळे झाली की व्हायचीच होती म्हणून झाली, हे कोण सांगणार? गोदाबाईंच्या मनात मात्र त्याचा निकाल कधीच लागलेला होता.

म्हणून त्यांनी फोपनार गावच्या रंभाबाईला निरोप धाडला. रंभाबाई सुईण होती, आणि मूळही तीच आणायची. ती एका सकाळी केळीच्या पानात गुंडाळलेलं कळलावीचं मूळ घेऊन आली, आणि खात्री पटावी म्हणून वेलाचा एक तुकडाही. कळलावी बुऱ्हाणपूरच्या बाजूला सगळ्यांनीच पाहिलेली असते. पावसाळ्यात बांधावरच्या कुंपणात हा वेल वर चढतो. चढायला त्याला वेगळे तणावे नसतात. पानाचंच टोक लांबून वळतं आणि हाताला येईल त्या काटकीला घट्ट धरतं. फूल खाली मान घालून लटकतं आणि पाकळ्या मात्र उलट्या वर वळलेल्या, कडांना चुण्या पडलेल्या. उमलताना हिरवट, मग पिवळं, मग शेंदरी आणि जाताजाता लालभडक. इतकं देखणं फूल, पण कुणी घरात आणत नाही. आणलं की घरात भांडणं लागतात म्हणे. जमिनीखालचं मूळ दोन फाट्यांचं, थेट नांगरासारखं वाकलेलं. रंभाबाई ते उगाळून विंचवाच्या दंशावर लावायची, डोक्यातल्या उवांना लावायची, गुराच्या जखमेतले किडे मारायला वापरायची. पोटात कुणालाच द्यायची नाही. तिच्या आळीतल्या एका माणसाने रताळं समजून भाजून खाल्लं होतं, तो दुसऱ्या दिवशी गेला, आणि जाईपर्यंत शुद्धीवर होता.

बाळंतपणाला मात्र ते बाहेरूनच लागतं. दोऱ्यात बांधून कमरेला अडकवायचं, उगाळून तळपायाला लेप द्यायचा. रंभाबाईने जाताना पुन्हा पुन्हा सांगितलं, "पोर बाहेर आलं का लगेच सोडजा बाई, पाय धुवून टाकजा. इसरल्या तं पोराच्या मांगं पोटातला कोठाबी ओढून आणते हे. आन् खायाच्या जिनसांत नोको ठेवजा."

गोदाबाईंनी ऐकलं. पण ठेवायचं कुठं? बाहेरच्या खोलीत गणपती बसायचा होता. मागच्या खोलीत सून निजायची. उरलं स्वयंपाकघर. तिथल्या वरच्या कोनाड्यात, डब्यांच्या मागे, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गाठ मारून त्यांनी मूळ ठेवलं. सुनेला सांगितलं नाही. पोर आधीच आईवडिलांच्या काळजीने अर्धी झालेली, तिच्या डोक्यात आणखी एक भुंगा कशाला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की सुनेला सांगितलं असतं तर मुलाला कळलं असतं. गोदाबाई कुणाला भीत नसत, हे वर लिहिलंच आहे. तेवढा दिगंबर सोडून म्हणायचा.

गणपती बसला. घरात गरोदर बाई म्हणून यंदा विसर्जन करायचं नव्हतं, मूर्ती बाळंतपणापर्यंत घरातच राहणार होती. दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. हे व्रत गोदाबाईंनी एकही वर्ष मोडलेलं नव्हतं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरटीचं धान्य नाही, मोटेच्या पाण्यावरची भाजी नाही; जे आपसूक उगवलं तेच. मोरधनाचा, म्हणजे वरईचा, भात आणि रानातल्या कंदांची, पानांची भाजी. आदल्या दिवशी जंगलाकडच्या बायका बाजारात पाट्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून गोदाबाईंनी रानकंद आणले होते. मातीने माखलेले, केसाळ, वेडेवाकडे. सोलल्याशिवाय त्यातला कुठला कुठला ते देवालाही सांगता आलं नसतं.

सकाळी आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, आघाड्याचीच पानं डोक्यावर घेऊन न्हायला त्या राजघाटावर निघाल्या. तापीला पाणी भरपूर होतं, वेळ लागणार होता. निघताना त्यांनी निर्मलेला भाजी चिरून ठेवायला सांगितलं आणि उंबऱ्यातून म्हणाल्या की मोरधनाचा डबा वरच्या कोनाड्यात आहे, तो काढून घे. एवढं बोलून त्या गेल्या. घाटावर त्यांना मुळाची आठवण एकदाही झाली नाही. तिथं बायकांमध्ये हैदराबादवर लष्कर जाणार की नाही ह्याची चर्चा चालली होती आणि गोदाबाईंना त्यात आपलं मत द्यायचं होतं.

परत आल्या तेव्हा भाजी चुलीवर रटरटत होती. सुनेने घर कसं लख्ख केलं होतं. गोदाबाईंनी ऋषींची पूजा केली, कहाणी वाचली आणि दोघी जेवायला बसल्या. भाजी गोदाबाईंना कडवट लागली, जिभेला थोडी चुरचुरली. पण रानकंद म्हटला की तो कडवट असायचाच, अळू म्हटलं की खाजायचंच; आणि ऋषीच्या भाजीला नावं ठेवायची नसतात. निर्मला दोनदा भाजी मागून घेऊन जेवली. बरेच दिवसांनी तिला अन्न गोड लागत होतं, ते पाहून गोदाबाईंना बरं वाटलं.

जेवणानंतर गणपतीपुढे समई सारखी करून त्या तेलाचे हात धुवायला परसात गेल्या. तिथं दोरीवर धुतलेलं एक फडकं वाळत होतं. जुन्या लुगड्याचं, हिरव्या काठाचं. गोदाबाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. गाठ जिथं मारली होती तिथं कापडाला अजून चुण्या होत्या.

त्या धावत स्वयंपाकघरात आल्या. डबे काढले, कोनाड्यात हात घालून भिंतीपर्यंत चाचपलं. कोनाडा पुसून स्वच्छ केलेला होता. गोदाबाई चुलीपाशी खाली बसल्या.

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसाने हाका मारून घर डोक्यावर घेतलं असतं. गोदाबाईंनी तसं केलं नाही. त्या स्वतःची समजूत घालत बसल्या. शिजवलं की विष मरत असेल. एवढी पातेलंभर भाजी, त्यात बोटाएवढं मूळ, कुणाच्या वाट्याला किती येणार? तो फोपनारचा माणूस बहुतेक दारूही प्यायला असेल. सून तिकडे पडली आहे, घोरते आहे, म्हणजे बरीच आहे. आणि सांगायचं तरी काय? तुझ्या नवऱ्याने बजावलं होतं, मी हो म्हटलं होतं आणि तरी तुझ्या अन्नावर विष आणून ठेवलं? एक मन म्हणत होतं उठ, दुसरं म्हणत होतं थांब, कदाचित काही होणार नाही. आणि ते विष लगेच चढत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. काही तास माणूस हिंडतोफिरतो, हसतो, आणि मग सुरू होतं. म्हणजे सुनेच्या बरं असण्याला काही अर्थच नव्हता.

मागच्या खोलीत निर्मला कुशीवर वळली आणि झोपेतच तिने पोटावर हात ठेवला. बस, तेवढं दिसलं मात्र, गोदाबाई उठल्या. तांब्याभर पाण्यात मूठभर खडेमीठ टाकलं, ढवळलं आणि सुनेला दंडाला धरून उठवून बसवलं.

"पी."

निर्मलेला काही कळेना. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. गोदाबाईंनी तांब्या तिच्या ओठांना लावून धरला, वर मान मागे दाबली. पाणी तिच्या गळ्यावरून, पदरावरून सांडलं. मग त्यांनी तिच्या घशात बोटं घातली. निर्मला त्यांचा हात ढकलत होती, रडत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे दिसत होतं ते गोदाबाई जन्मात विसरल्या नसत्या. नवरा परमुलखात, माहेरचा ठावठिकाणा नाही, आणि भर दुपारी सासू अंगावर येऊन घशात बोटं घालते आहे. त्या पोरीला वाटलं ही बाई आपल्याला मारते आहे. असंच वाटणार, दुसरं काय वाटेल?

शेवटी ती ओकली. मोरीपर्यंत पोचायच्या आतच ओकली. गोदाबाई तिची पाठ चोळत राहिल्या आणि त्या ओकारीत कंदाचे तुकडे शोधत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून, की कोनाड्यात फडक्यात एक मूळ होतं, ते कुठं गेलं.

निर्मला भिंतीला टेकून धापा टाकत होती. तिने सासूकडे न बघता सांगितलं. डबा काढताना ती गाठोडी हाताला लागली. एकच कंद, तोही इतका जपून बांधून ठेवलेला, म्हणजे तो व्रताचा असणार असं तिला वाटलं. त्यांच्याकडे जालन्याला तिची आईही व्रताचा कंद असाच वेगळा ठेवायची. "मी तो वेगळा उकडला, सासूबाई. माझं काही व्रत नाही, मी कशी खाणार? तुमच्या ताटात वाढताना तुमच्या भाजीत कालवला."

"पातेल्यात नाही घातलास?"

"नाही."

"तू चाखलाससुद्धा नाही? नीट आठव."

"देवाच्या कामाचं कुणी चाखतं का?" निर्मला म्हणाली. "सगळा तुमच्याच ताटात घातला. काही चुकलं का माझं?"

गोदाबाईंना एकदम इतकं हलकं वाटलं की त्यांनी दोन्ही हात जोडून बाहेरच्या गणपतीला तिथूनच नमस्कार केला. पोर वाचली, पोरीचं पोर वाचलं. क्षणभर त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मग जिभेची चुरचुर आठवली. ती अजून गेली नव्हती. उलट आता ती घशात उतरली होती.

त्यांनी उरलेलं मिठाचं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि बोटं घातली. थोडंफार पडलं. जेवून फार वेळ झाला होता आणि त्यातला बराच वेळ त्यांनी चुलीपाशी बसून घालवला होता.

मग सांगावंच लागलं. काय होतं, कशाला आणलं होतं, कुणापासून लपवलं होतं, सगळं. निर्मलेचा चेहरा पांढराफटक पडला. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी तुम्हाला..." गोदाबाईंनी तिला पुढचं बोलूच दिलं नाही. रडायला अख्खा जन्म पडला आहे, आधी नाक्यावरच्या कडू टांगेवाल्याला टांगा काढायला सांग, असं म्हणून त्यांनी चपला शोधायला घेतल्या. गणपतीपुढच्या समईत तेल घातलं आणि दाराला कुलूप लावलं.

टांग्यात बसल्यावर त्यांचे ओठ बधिर व्हायला लागले. दोन्ही बाजूंना पंचमीची गर्दी होती, कुणाच्या दीड दिवसाच्या गणपतीपुढे ढोल वाजत होते, आणि लोक वाटेतून बाजूला होत गोदाबाईंना नमस्कार करत होते. त्यांनी सगळ्यांना मान हलवली. त्यांचं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे लागलं होतं. घरात दोघीच, मुलगा परगावी, सुनेने शिजवलं, सुनेने वाढलं, सासूच्याच ताटात वाढलं आणि स्वतः तो कंद खाल्ला नाही. सून विष घालते हे ऐकायला आपल्याकडे लोक पिढ्यान्‌पिढ्या कान टवकारून बसलेले असतात. दिवेलागणीच्या आत गल्लीत बातमी होईल, उद्या पोलीस येतील. आणि आईवडिलांचा पत्ता नसलेल्या पोरीची बाजू घ्यायला कोण उभं राहणार? दिगंबर? तो तरी आईच्या मढ्याशेजारी बसून कुणाचं ऐकून घेईल? आपण मेलो तर ही पोर खुनी ठरेल, ही भीती त्यांना मरणाहून मोठी वाटली.

"निर्मला, इकडे बघ," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "कंद मी चिरला, मी शिजवला, माझ्या हाताने वाढून घेतला. तू झोपली होतीस. दुसरं काही बोललीस तर माझ्या गळ्याची आण आहे."

टांग्याच्या दांडीला धरून निर्मला नुसती रडत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गोदाबाईंनी तेच सांगितलं, आणि असं ठासून सांगितलं की डॉक्टरांनी सुनेकडे वळूनही पाहिलं नाही. रानकंद म्हणून चुकून खाल्ला, माझाच गाढवपणा. नळी घालून पोट धुतलं गेलं. त्यात जे निघायचं ते निघालं. मग डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ह्या विषावर उतारा नाही. अंगात किती भिनलं ते उद्या संध्याकाळपर्यंत कळेल, तोवर पाणी देत राहायचं आणि वाट पाहायची. त्यांनी निर्मलेलाही तपासलं. तिला काही झालेलं नव्हतं, पण दिवस भरत आले आहेत आणि ती घाबरली आहे, तेव्हा तिने आता घरी जाऊ नये, इथंच राहावं, असं ते म्हणाले. गोदाबाईंनी लगेच मान डोलावली. ह्या वेळी खरी.

ऊन कलायच्या आत सुरू झालं. पोटात पिळवटून कळ यायची, आणि ओकून ओकून आत काही उरलं नाही तरी अंग ओकायचं थांबत नव्हतं. घशात निखारा ठेवल्यासारखी आग. मधेच सगळं शांत व्हायचं आणि ते शांत होणं जास्त वाईट होतं, कारण डोकं अगदी स्वच्छ होतं. फोपनारचा तो माणूस जाईपर्यंत शुद्धीवर होता, हे त्यांना आठवत राहिलं.

अशाच एका उसंतीत त्यांनी निर्मलेला खुणेने जवळ बोलावलं. आवाज बसला होता. त्यांनी सांगितलं की वेळ आली की रंभाबाईला बोलवायचं नाही, मूळ नाही, लेप नाही. इथंच, डॉक्टर म्हणतील तसं. दिगंबरला कळव. माझी वाट बघू नको. निर्मलेने हो म्हटलं. दिवसभर गोदाबाई पोटातल्या पोरासाठी भ्याल्या, सुनेसाठी भ्याल्या, तिच्या अब्रूसाठी भ्याल्या. आता भ्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"निर्मला," त्या म्हणाल्या, "मला फार भीती वाटते गं."

लग्न होऊन आल्यापासून ही पोर रोज ह्या बाईला भीत आली होती. काही होणार नाही, असं म्हणता आलं असतं. गोदाबाईंनी स्वतः ते वाक्य किती बायकांच्या उशाशी बसून म्हटलं होतं, आणि त्यातल्या काही सकाळी उठल्या नव्हत्या. धाकटी जाऊही उठली नव्हती.

"मलाही वाटते," निर्मला म्हणाली.

ती खाटेवर चढून बसली. पोटामुळे मांडी अशी उरलीच नव्हती, तरी तिने सासूबाईंचं डोकं उचलून जेवढी होती तेवढ्या मांडीवर घेतलं आणि ओल्या पदराने त्यांचं तोंड पुसलं. गोदाबाईंचा कान तिच्या पोटाला टेकला. आतून एक लाथ बसली, चांगली जोराची.

"जिवंत आहे," गोदाबाई म्हणाल्या, आणि त्यांना पुन्हा उमासा आला. निर्मलेने एका हाताने त्यांचं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने खाटेखालचं भांडं पुढे ओढलं.